आमची वाटचाल : एका सुईच्या भरवशावर

१९८४ साली वडिलांनी सातपूरला पत्र्याच्या शेडमध्ये डिझेल पंप आणि नोझल (इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारी तोटी) यांची दुरुस्ती सुरू केली. भांडवल म्हणजे एक हँड टेस्टर, एक व्हाइस आणि ‘मायको’त बसलेला हात. नाशिककर जिला अजून मायको म्हणतात ती कंपनी बॉशची. आमच्या ऑफिसात लक्ष्मीच्या फोटोशेजारी रॉबर्ट बॉश यांची तसबीर आहे, ती वडिलांनीच लावली.

१८८६ साली स्टुटगार्टमध्ये बॉश यांचं वर्कशॉपही असंच छोटं होतं. एक कारागीर, एक पोऱ्या, आणि टेलिफोन, विजेच्या घंटा, मिळेल ते काम. मोटार नुकतीच जन्मली होती, पण इंजिनातलं पेट्रोल वेळेवर पेटवणं कुणालाच नीट जमत नव्हतं. तापवलेल्या नळीने आगीची भीती, बॅटरी वाटेत उतरायची. बॉश कारखान्यांतल्या संथ इंजिनांना मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीपुरती वीज स्वतःच तयार करणारं यंत्र, करून देत. १८९७ मध्ये त्यांच्याकडे द दियों-बूतों या फ्रेंच कंपनीची तीनचाकी आली. तिचं इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांपर्यंत जाणारं, त्या वेगाला जुना मॅग्नेटो पुरेना. त्यांच्याकडच्या आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी जड आर्मेचर (तार गुंडाळलेला गाभा) जागेवरच ठेवलं आणि त्याभोवती फक्त एक हलकी बाही हलवली. ठिणगी पडली! १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च विद्युतदाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडून स्पार्क प्लग केला. बॉश यांचं नाव झालं ते गाडीतल्या या एका भागावर. १९०६ पासून त्यांच्याकडे कामाचे तास आठ. मला त्यांचं हे सगळ्यात मोठं वाटतं.

आमच्याकडे भरवसा नोझलच्या सुईवर. सुई स्वच्छ डिझेलमध्ये बुडवायची, बॉडीत घालून एक तृतीयांश वर ओढायची आणि सोडायची. स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरली तर पास. अडकली तर बाद.

एकदा घाईत एका विक्रेत्याकडचे हलक्या प्रतीचे नोझल आम्ही न तपासता बसवले. ऐन द्राक्षाच्या हंगामात, पावसानंतर डावणी या बुरशीरोगावरची फवारणी चालू असताना, दिंडोरीकडच्या एका बागायतदाराचा ट्रॅक्टर बंद पडला. वडील रात्रीच स्कूटरवर गेले, पहाटेपर्यंत काम केलं, पैसे परत दिले. ते बागायतदार आजही आमच्याकडेच येतात.

आता आम्ही नऊ जण आहोत. कॉमन रेल या नव्या डिझेल इंजेक्शन पद्धतीचा टेस्ट बेंच घेतला, त्याचं कर्ज मागच्या वर्षी फिटलं. वडील रोज अकराला येतात. परवा एका नव्या पोराने अडकलेली सुई बोटाने हळूच दाबून खाली बसवली. वडिलांनी काही न बोलता ती काढली आणि बाद मालाच्या डब्यात टाकली.