आधी हात, मग अंगठी : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साज, ठुशी, पाटल्या, तोडे घडवणाऱ्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथे आम्ही फक्त अंगठ्या करतो म्हटलं की आजही लोक विचारतात, "एवढ्यावर भागतं का हो?" भागतं. पण तिथवर यायला तीन पिढ्या गेल्या.

आजोबा साजाचे कारागीर. 1963 च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि 14 कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. 14 कॅरेटचं सोनं कडक आणि रंगाला फिकं. आपल्याकडच्या बायका त्याला सोनं म्हणायलाच तयार नव्हत्या. देशभर सोनारांच्या शेगड्या थंडावल्या. आजोबांनी डागडुजी धरली: तुटलेली कडी, सैल झालेलं कोंदण, झिजून कागद झालेली अंगठी. त्या कामात त्यांना एक नजर आली, दागिना मोडतो कुठे हे बघायची. अंगठी झिजते ती तळहाताच्या बाजूने, दिसते त्या बाजूने नव्हे. खडा पडतो तो त्याला धरणाऱ्या नख्या झिजून, आणि त्या कशाने झिजल्या हे बोटावरच्या कामावरून कळतं. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला, तोवर पेढीवर बाबा बसू लागले होते आणि मोडक्या अंगठ्या सगळ्या गुजरीतून आमच्याकडे येत होत्या. दुसऱ्यांनी केलेल्या अंगठ्या दुरुस्त करण्यापेक्षा आपणच धड करू, एवढाच विचार त्यामागे होता.

मोठ्या दुकानांना एकेक अंगठी का नको असते, तेही सांगतो. घडणावळ वजनावर लावायची रीत आहे. अंगठी 3 ग्रॅमची असो की 8 ग्रॅमची, आटणी, तार, डाख (जोड लावायचा हलक्या कसाचा मिश्रधातू), कानस, ओप (चकाकी) हे सगळं तेवढंच. वजनावर मजुरी घेतली तर छोट्या अंगठीत कारागिराचा चहाही सुटत नाही. म्हणून आम्ही नगावर घडणावळ घेतो आणि ती आधी लिहून देतो. सुरुवातीला गिऱ्हाईक कुरकुरायचं. हिशेब कागदावर मांडून दाखवला की बहुतेकांना पटतो.

आमच्याकडे आल्यावर डिझाइनचं पुस्तक लगेच मिळत नाही. आधी विचारतो, हाताने काय करता? रोज भाकरी थापणाऱ्या बाईंना उंच कोंदण दिलं तर महिन्यात खड्याखाली पीठ बसणार आणि खडा आंधळा दिसणार. नर्सचे हातमोजे नख्यांनी फाटतात, तिला खडा पट्टीत बुडवून बसवलेला बरा. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत लेथवर उभं राहणाऱ्याला आम्ही स्पष्ट सांगतो: मशीनवर अंगठी काढून ठेवा, कितीही चांगली केली तरी. शेतातली कामं केलेल्या हातांचे सांधे जाड असतात. अंगठी सांध्यावरून जाईल एवढी केली की खाली गरगर फिरते. तिथे आतल्या बाजूला सोन्याचे दोन बारके मणी लावतो, मग ती जागेवर बसते. माप सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा घेतो, कारण उन्हाने आणि कामाने बोटं फुगतात. पट्टी रुंद हवी असेल तर एक नंबर वाढवावा लागतो.

सोनं 2025 मध्ये तोळ्याला लाखाच्या वर गेलं, तेव्हापासून "दोन ग्रॅममध्ये बसवा" हे वाक्य रोज ऐकतो. 14 नंबरची साधी पट्टी, 2 मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड, 22 कॅरेटमध्ये साधारण 3 ग्रॅम भरते. वजन कमी करायचं तर रुंदी कमी करा, जाडी नको. आतून पोकळ केलेली अंगठी बाहेरून भरदार दिसते आणि दाराच्या कडीत अडकली की चेपते. ती आम्ही करत नाही. हिऱ्याला 22 कॅरेटच्या नख्या मऊ पडतात, तिथे 18 कॅरेटच घ्या म्हणतो. "पण मोडताना भाव कमी येईल ना?" येईल, सोनंच कमी आहे त्यात. पण हिरा हरवला तर तो भाव कोण देणार?

आमच्या आवडीचं काम म्हणजे नावाची अंगठी. पत्र्यावर नाव लिहून बारीक करवतीने मधली जागा कापून काढायची. देवनागरीत इथे शिरोरेषेची मोठी सोय आहे: सगळी अक्षरं तिला धरून राहतात, वेगळा आधार द्यावा लागत नाही. त्रास होतो तो वेलांटी आणि रफाराचा. ते रेषेच्या वर एकटे उभे असतात आणि स्वेटरच्या लोकरीत अडकतात. म्हणून वेलांटी ओढून शेजारच्या अक्षराला टेकवतो. शिवरायांच्या राजमुद्रेची अंगठी मागणारेही खूप. अष्टकोनी घाट हाताने छान उतरतो, पण 32 अक्षरांचा श्लोक बोटाएवढ्या जागेत छिन्नीने वाचता येईल असा कोरणं आम्हाला जमत नाही. तेवढं लेसरवर करून आणतो आणि तसं सांगतो.

घरचं जुनं सोनं घेऊन येणारे निम्म्याहून जास्त असतील. आईच्या एका पाटलीतून तिन्ही भावंडांना अंगठ्या, असलं काही. आटणी समोर बसवूनच करतो: मूस, टाकणखार, फुंकणी. 22 कॅरेट म्हणून घरात ठेवलेलं सोनं कस तपासायच्या मशीनवर कमी भरतं, कारण जुन्या दागिन्यात डाखच पुष्कळ असतो. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर मुशीतून बाहेर आल्यावर चेहरे पडतात. मात्र जुनं काम सुबक असेल तर आम्ही "आटवू नका" म्हणतो. तेवढी ऑर्डर गेली तरी चालेल.

मध्ये एक काळ केडीएमचा होता. डाखात कॅडमियम घालायचे, पाट्यांवर ते अभिमानाने लिहायचे, आणि त्याचा धूर कारागिराच्या छातीत जायचा. बाबांनी ते लवकर बंद केलं. आता हॉलमार्क सक्तीचा आहे, 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय, विक्री नाही. 2 ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला सूट आहे, पण आमची अंगठी तेवढी हलकी नसतेच.

कारागीर बहुतेक बंगालचे. 2020 च्या टाळेबंदीत गावी गेले ते सगळे परतले नाहीत. त्याच सुमारास मुलगी कॉम्प्युटरवर डिझाइन करायला शिकली. बारीक खड्यांची अंगठी आता मेणाचा साचा छापून ओततो. पट्टी मात्र जंतरातून (तार ओढायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढलेल्या तारेचीच, कारण ओढून ठोकलेलं सोनं घट्ट होतं आणि ओतीव सोन्यात कधीकधी बारीक पोकळ्या राहतात. जमिनीवरचा कचरा आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवतो. झारेकरी येऊन नेतो आणि त्यातून सोनं काढतो.

लग्नसराईत एका अंगठीला तीन-चार आठवडे धरा. साखरपुडा परवावर आला असेल तर गुजरीत तयार अंगठ्यांची चांगली दुकानं आहेत, कोणतं ते आम्हीच सांगू. माप मोठं पडलं तर नंतर आमच्याकडे घेऊन या.