लॉगमधली स्लेट

नागपूरच्या उत्तरेस, छिंदवाडा जिल्ह्यात, कन्हान नदीच्या खोऱ्यात बांधकामाच्या पायाच्या तपासणीसाठी घेतलेल्या एका बोअरहोलचा लॉग, म्हणजे खोलीनुसार खडकांची नोंद, माझ्याकडे तपासायला आला. त्यात वर नाईस (पट्टेदार, भरड रूपांतरित खडक), खाली नाईस आणि मधल्या जेमतेम दोन मीटरांत स्लेट अशी नोंद होती. स्लेट चिकणमातीच्या गाळापासून साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आत बनते, तर नाईस बहुधा ६०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापमानात. असे दोन खडक एकमेकांना चिकटून आणि तेही आळीपाळीने कसे येतील, हा प्रश्न लॉग भरणाऱ्याला पडला नाही, आणि त्याखाली सही करणाऱ्यालाही पडला नाही. कोअर-बॉक्स, म्हणजे बोअरहोलमधून काढलेल्या खडकाच्या दंडगोलांचा खोका, मागवून घेतला. खडक काळपट, अतिशय बारीक कणांचा आणि पानापानांचा होता, पण हातोडीने तो स्लेटसारखा पानांवर सुटत नव्हता.

थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा खडकाचा पातळ काप, मी अजूनही स्वतःच्या हाताने काढतो. कोअरचा काप काचपट्टीवर एपॉक्सीने चिकटवून कार्बोरंडमच्या पुडीवर घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणावा लागतो. तिथे पोहोचल्याची खूण मोजपट्टी देत नाही, ती क्वार्ट्झ (गारेचे खनिज) देतो: सूक्ष्मदर्शकाच्या आडव्या ध्रुवकांखाली (एकमेकांशी काटकोनात लावलेल्या, प्रकाश गाळणाऱ्या चकत्यांखाली) तो करडा-पांढरा दिसला की थांबायचे, पिवळा दिसला तर काप अजून जाड आहे, आणि दोन फेऱ्या जास्त झाल्या तर दिवसभराचे काम काचेवरून पुसले जाते. यंत्रावर काढलेल्या स्लाइडा वेळेत येतात, पण निम्म्यांत क्वार्ट्झ पिवळाच असतो, आणि त्याची तक्रार करणारा मी एकटाच असतो.

या स्लाइडमध्ये मातीच्या गाळाचा मागमूसही नव्हता. फेल्डस्पर या ग्रॅनाइटमधल्या खनिजाचे डोळ्यांसारखे गोलसर कण होते, त्यांच्या दोन्ही अंगांना बारीक चुऱ्याच्या शेपट्या होत्या आणि त्यांना वळसा घालून ताणलेल्या क्वार्ट्झच्या लांब फिती गेल्या होत्या. हा मायलोनाइट, म्हणजे खोलवर कातरला जाऊन बारीक झालेला खडक, होता, आणि त्याचा मूळ खडक वरखालचा ग्रॅनाइटी नाईसच होता. क्वार्ट्झ सुमारे ३०० अंशांपासून घन अवस्थेतच वाहू लागतो; फेल्डस्परला त्यासाठी ४५० ते ५०० अंश लागतात. एक वाहिला आणि दुसरा मोडला, त्याअर्थी ही हालचाल त्या दोहोंमधल्या तापमानात, म्हणजे अंदाजे दहा ते पंधरा किलोमीटर खोलीवर झाली. १८८५ मध्ये स्कॉटलंडमधून मायलोनाइटचे वर्णन करणाऱ्या चार्ल्स लॅपवर्थ यांना हा खडक दळला गेला आहे असे वाटले होते. क्वार्ट्झचे कण न तुटता नव्याने स्फटिकतात, त्यामुळे तो बारीक होतो, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले.

दोष एकट्या नोंदणाऱ्याचा नाही. महाविद्यालयात स्लेट, फिलाइट, शिस्ट, नाईस ही वाढत्या रूपांतरणाची उतरंड इतकी घोकून घेतली जाते की बारीक कण म्हणजे कमी रूपांतरण हे समीकरण पक्के बसते. ते गाळाच्या खडकापुरते ठीक आहे. भरड खडकच कातरपट्ट्यात, म्हणजे दोन बाजू एकमेकींना घासून सरकलेल्या पट्ट्यात, सापडून बारीक झाला, तर उतरंड उलटी वाचावी लागते. लॉगच्या छापील नमुन्यात तर मायलोनाइटला रकानाच नाही. शिवाय हे गाविलगड-तान कातरपट्ट्याचे क्षेत्र आहे. मेळघाटाच्या दक्षिण कड्याला आकार देणाऱ्या गाविलगड भ्रंशाची हीच रेषा पूर्वेला, जिथे दख्खनच्या बेसाल्टचे आच्छादन संपते तिथे, अशा खडकांत उघडी पडते. नकाशा उघडला असता तरी शंका आली असती.

फेल्डस्परच्या शेपट्यांच्या तिरकेपणावरून कोणती बाजू कुठे सरकली हे सांगता येते. त्यासाठी कोअर जमिनीत कोणत्या दिशेने होता हे ठाऊक असावे लागते. दिशांकित कोअरचा खर्च निविदेतून वगळला होता, आणि ड्रिलरने तुकड्यांवर वर-खालचा बाणही काढला नव्हता. त्यामुळे अहवालात सरकण्याची दिशा लिहिता आली नाही.

मला अडकवले ते त्याच कापातल्या एका काळ्या शिरेने. ती पानांना समांतर जाते, पण एके ठिकाणी तिचा फाटा काही मिलिमीटर पाने कापत आडवा घुसलेला आहे. तिच्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्परचे झिजलेले तुकडे आहेत, मात्र बायोटाइटचा (पाणीयुक्त काळ्या अभ्रकाचा) एकही नाही. घर्षणाने खडक क्षणभर वितळला, तर पाणीयुक्त खनिजे आधी जातात, तेव्हा हा स्यूडोटॅकिलाइट, म्हणजे प्राचीन भूकंपाची खूण, असावा. या पट्ट्यातून तसे खडक नोंदलेही गेले आहेत. पण वितळलेल्या द्रवातून उगवणारे सूक्ष्म स्फटिक मला प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. ते नंतरच्या पुनर्स्फटिकीकरणात पुसले गेले असतील, किंवा ही शीर नव्वद टक्क्यांहून अधिक बारीक झालेला अल्ट्रामायलोनाइट असेल. तसे असेल तर मग तो फाटा कसा घुसला?

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी वेळ मागितला, तेव्हा प्रकल्पाच्या अभियंत्याने फोनवर विचारले, “साहेब, खडक मजबूत आहे ना? मग नाव काहीही लिहा.” खडक मजबूत आहेच. पण स्लेट लिहिली, तर पुढच्या बोअरहोलमध्ये कोणी हा पट्टा शोधणारच नाही, आणि कातरपट्ट्याच्या कडेने नंतर तडकलेला, पाणी झिरपवणारा भाग असू शकतो, ही चौकशीही बंद होईल. मी ‘मायलोनाइट, ग्रॅनाइटी नाईसपासून’ असे लिहून शेजारच्या दोन बोअरहोलांचे कोअर पुन्हा पाहण्याची शिफारस केली. काळ्या शिरेपुढे ‘स्यूडोटॅकिलाइट, संशयित’ असे लिहिले आहे, आणि नमुना प्रयोगशाळेच्या रांगेत लागला आहे.