जळगावहून अबूला, हिरव्या मुनियेसाठी

पहिली हिरवी मुनिया मी पाहिली ती आमच्या इकडच्या एका आठवडे बाजारात, पिंजऱ्यात. घरी येऊन फोटो झूम केला तर पंखाखालून मळकट तपकिरी पिसं डोकावत होती, म्हणजे साधीच मुनिया, रंगात बुडवलेली! तेव्हापासून खरी बघायचीच असं डोक्यात बसलं. तोरणमाळला दोन हिवाळे गेलो, यशवंत तलावाच्या कडेचं गवत पालथं घातलं, ठिपकेवाल्या मुनिया भेटल्या, हिरवी काही नाही. शेवटी मित्र म्हणाला, "भो, जिथं हमखास दिसते तिथंच जाऊ ना," आणि डिसेंबरात आम्ही तिघं माउंट अबूला निघालो.

जळगावहून नवजीवन एक्सप्रेसनी अहमदाबाद, भुसावळ-नंदुरबारवाल्यांनाही हीच गाडी चालते, आणि तिथून आबूरोडला जाणारी कुठलीही गाडी. गंमत म्हणजे लाल आणि हिरव्या मुनियेच्या शास्त्रीय नावातलं 'अमांडवा' हे अहमदाबादवरूनच आलंय, कारण जुन्या काळी हे पक्षी तिथून पिंजऱ्यात भरून परदेशी जायचे. स्टेशनवरून वर घाट साधारण 28 किलोमीटर. जीपचं भाडं बसायच्या आधी ठरवा, आम्ही नाही ठरवलं आणि दुप्पट मोजले. कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून नेला होता म्हणून पहिला दिवस तरी खाण्याचे पैसे वाचले.

'नक्की' नावाच्या तलावाजवळ मुक्काम केला ही दुसरी चूक, तिथं नुसती टुरिस्टांची गर्दी. गुरुशिखरच्या रस्त्यावर ओरिया गाव आहे, अचलगडही तिकडंच, त्या बाजूला राहा म्हणजे उजाडायला शेतात पोचता येतं. थंडी आपल्या जळगावच्या हिशोबाने धरू नका, हातमोजे पाहिजेतच. आणि अंधारात पायी फिरू नका, अस्वलं आहेत.

पहिल्या सकाळी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी गव्हाच्या शेताच्या बांधावर बसलो होतो, तेवढ्यात बारीक चिवचिव आली आणि दहा-बारा जणींचा थवा गवतावर उतरला. जेमतेम 10 सेंटिमीटरचा जीव, चोच लाखेसारखी लाल, पाठ शेवाळी, पोट पिवळं आणि कुशीवर काळे-पांढरे पट्टे, माद्या जरा फिक्या. गवताच्या काडीला लटकून बी ओरबाडतात, काडी वाकली की तिच्यासकट खाली. कुत्रं भुंकलं तसा सगळा थवा भर्रकन घाणेरीच्या जाळीत शिरला. ज्या घाणेरीला आपण सातपुड्यात शिव्या घालतो तिच्याच आडोशाला ही बसते, त्यामुळे सरसकट घाणेरी उपटायची म्हटलं तर मला आता जरा धाकधूक वाटते. घरटी उंच गवतात नाहीतर उसात, एकमेकांच्या जवळ बांधलेली, म्हणून शहाद्याकडच्या उसातही एकदा बघायचा विचार आहे, बघू.

हा पक्षी फक्त भारतातला, तोही मध्य आणि पश्चिम भारतात तुकड्या-तुकड्यांत उरलेला, आणि जागतिक यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदवलेला. गवत, झुडपं जातायत हे आहेच, पण मुख्य घाव पिंजऱ्याच्या धंद्याचा. थव्यानं राहणारा पक्षी, एका जाळ्यात अख्खा थवा सापडतो, आणि छोटी वस्ती असेल तर तिथली मुनिया एका हिवाळ्यात संपू शकते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पकडणं-विकणं गुन्हा आहे तरी बाजारात पिंजरे दिसतातच. दिसले तर दया म्हणून विकत घेऊन सोडू नका, विकणाऱ्याची विक्री होते आणि तो पुढच्या आठवड्यात दुसरा थवा आणतो. त्यापेक्षा आपल्याकडे वनविभागाचा 1926 नंबर आहे, तिथं फोन करा.

कॅमेऱ्याला 400 मिमीची लेन्स तरी पाहिजे, माझ्या 250 मध्ये मुनिया म्हणजे हिरवा ठिपका आलाय. मुनियेच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून बोलवायच्या भानगडीत पडू नका, बांधावर गप बसलं की त्या येतात. ट्रेनचं, राहण्याचं काहीही विचारा, सांगतो. शेत नेमकं कुठलं ते मात्र विचारू नका.