आमची वाटचाल : प्लेसमेंट सोडून सुरू केलेलं रिवाइंडिंगचं वर्कशॉप

इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला मी प्लेसमेंटला बसलो नाही. मार्क चांगले होते, बसलो असतो तर नोकरी लागली असती. हे आधीच सांगून टाकतो, कारण अजूनही ओळखीतल्या लोकांना वाटतं की कुठे नंबर लागला नाही म्हणून हा धंद्यात पडला. तिसऱ्या वर्षापासूनच कॉलेज सुटलं की मी मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळलेल्या मोटारीचं वाइंडिंग (तारेच्या कॉइल) काढून नवं भरून द्यायच्या, एका मिस्त्रीकाकांकडे जाऊन बसायचो. काका फॉर्म्यावर (साच्यावर) कॉइल मारायचे आणि मी स्लॉटच्या, म्हणजे कॉइल बसते त्या खाचेच्या, मापाचा इन्सुलेशन पेपर कापून द्यायचो, वेज (खाच बंद करायची पट्टी) घालायचो, तारेवर स्लीव्ह चढवायचो. इलेक्ट्रिकल मशीन्सच्या पेपरला आम्ही जी गणितं सोडवायचो ती काकांच्या बोटांत होती. पण एक गोष्ट खटकायची. मोटार जळली की भरून द्यायची, पुन्हा जळली की पुन्हा भरायची, ती का जळली हे पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, कुणीच सांगायचं नाही. मला धंदा तिथे दिसला.

घरी अर्थातच वाद झाले. बाबांचं म्हणणं एकच, आधी नोकरी कर, चार पैसे गाठीला बांध, मग काय करायचं ते कर. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. शिकत असताना अंगावर हप्ते नसतात, पगाराची सवय लागलेली नसते आणि मुख्य म्हणजे लॅब हाताशी असते. आमच्या सरांनी मला लॅबमधला मायक्रोओहममीटर (अगदी बारीक रेझिस्टन्स मोजणारं मीटर) वापरू दिला, मोटारीच्या तीन फेजच्या वाइंडिंगचे रेझिस्टन्स एकमेकांशी जुळतात का ते मी तिथे मोजायचो. बाहेर हे मीटर विकत घ्यायचं म्हटलं असतं तर सुरुवातच झाली नसती. तेव्हा जे आत्ता शिकतायत त्यांना सांगतो, लॅब फक्त सबमिशनपुरती वापरू नका.

पहिली मोठी पार्टी मिळाली ती एका प्लांटच्या मेंटेनन्स साहेबांमुळे. त्यांच्या पंपाची मोटार सारखी जळत होती. आमच्याकडे आली तेव्हा मी कव्हर उघडलं, स्टार कनेक्शन होतं (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र जोडलेलं), दोन फेजच्या कॉइल काळ्या ठिक्कर आणि तिसरी फेज नव्यासारखी चकचकीत. ज्याने मशीन्स नीट वाचलंय त्याला पुढचं सांगायला नको, सरळ सरळ सिंगल फेजिंग, म्हणजे तीनपैकी एका फेजची वीज तुटलेली असताना मोटार चाललेली. स्टारमध्ये दोन फेज जातात, डेल्टा (तिन्ही त्रिकोणात जोडलेल्या) असेल तर एकच. मी साहेबांना म्हटलं, मोटार भरून देतो, पण तुमच्या पॅनलमधला कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा स्विच) आणि ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटार बंद करणारा) आधी बघा, नाहीतर ही परत इथेच येणार. त्यांनी बघितलं, कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट जळून गेला होता. ती मोटार पुन्हा जळली नाही आणि साहेबांनी दुसरीकडे काम दिलं नाही. प्रत्येक मोटारीचा नो-लोड करंट (रिकामी फिरताना घेते तो), रेझिस्टन्स, मेगरचं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरचं) रीडिंग ते स्वतःच्या वहीत लिहून ठेवायचे. असा माणूस पार्टी म्हणून मिळणं हे नशीब आहे, दुसरं काही नाही.

मधली वर्षं बरी गेली. काका पूर्णवेळ आमच्याकडे आले, आम्ही टेंपरेचर कंट्रोलचा बर्नआउट ओव्हन घेतला. ओव्हनबद्दल जरा लिहितो कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून आहे. जुनं वाइंडिंग काढायचं तर वार्निश जाळावं लागतं. बरेच जण सरळ गॅसची टॉर्च लावतात, काम पटकन होतं, पण कोअर, म्हणजे ज्यात वाइंडिंग बसतं तो पातळ पत्र्यांचा लोखंडी गाभा, कुठेतरी लालबुंद होतो. मग स्टॅम्पिंगवरचं (ह्या पत्र्यांवरचं) कोटिंग जळतं, पत्र्या एकमेकींना शॉर्ट होतात, एडी करंट (कोअरमध्येच फिरणारा फुकटचा करंट) वाढतो, वीज वाया जाते आणि मोटार रिकामी फिरतानाही तापते. वाइंडिंग दहा डिग्री जास्त तापलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हे लक्षात घ्या. म्हणून आम्ही ओव्हनमध्ये कोअर 360 डिग्रीच्या आसपास ठेवतो, त्यावर जाऊ देत नाही. वेळ लागतो, लागू दे.

आणि नेमकं ह्याच मुद्द्यावर आम्हाला संपवायचा प्रयत्न झाला. आमच्याच लाइनमधलं एक मोठं वर्कशॉप, नाव घेत नाही, त्यांनी आमच्या पार्ट्यांकडे जाऊन सांगायला सुरुवात केली की ही कॉलेजची पोरं आहेत, तुमच्या मोटारींवर हात साफ करतायत, ह्यांनी भरलेली मोटार वीज खाते. वर रेट आमच्यापेक्षा कमी दिले. रेट कमी कसा परवडतो ते आम्हाला माहीत होतं, एक गेज बारीक वायर टाकायची, स्लॉटमध्ये पटकन बसते, तांबं वाचतं. पार्टीला बाहेरून काय दिसणार? वार्निश मारलं की सगळ्या मोटारी सारख्याच. एका मागून एक कामं तुटली, आमच्या सगळ्यात मोठ्या पार्टीने तर झालेल्या कामाचं पेमेंटच अडवलं, म्हणे आधी एफिशियन्सी (घेतलेल्या विजेतलं किती कामाला येतं ते) सिद्ध करा. तांब्याच्या व्यापाऱ्याने उधारी बंद केली. काकांनी स्वतःहून पगार उशिरा घेतला. बरोबरची मुलं तेव्हा प्रमोशनच्या पार्ट्या देत होती आणि बाबा रोज विचारायचे, अजून वेळ गेलेली नाही, अर्ज करतोस का.

मी अर्ज केला नाही, कागद गोळा केले. 2003 मध्ये ईसा आणि एईएमटी ह्या रिपेअरवाल्यांच्या दोन संघटनांचा अभ्यास आला होता, 22 मोटारींची एफिशियन्सी आधी मोजली, मग त्या जाळून, भरून परत मोजल्या. नीट पद्धतीने काम केलं तर एफिशियन्सी टिकते, असाच निष्कर्ष निघाला. संघटना आमच्याच धंद्यातल्या म्हणून कुणी नाक मुरडेल, पण टेस्टिंग नॉटिंगहॅम विद्यापीठात झालं होतं. ह्याच्या जोडीला साहेबांची ती वही. साहेब स्वतः माझ्याबरोबर त्या पार्टीकडे आले, त्यांचा काही संबंध नसताना, आणि आमच्या मोटारींचे आधीचे-नंतरचे आकडे टेबलावर उघडून दाखवले. पेमेंट सुटलं. उशिरा, तुकड्या-तुकड्याने, पण सुटलं. सॉरी कुणी म्हटलं नाही, मला ते अजून लागतं.

पुढे त्या मोठ्या वर्कशॉपने भरलेल्या मोटारी आमच्याकडे यायला लागल्या. एक तर अशी, की नो-लोड करंटच नेमप्लेटच्या फुल लोड करंटच्या जवळ. आम्ही वाइंडिंग काढलं, स्टेटरच्या (मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या) कोअरमधून केबलचे वेढे घेऊन कोअर लॉस टेस्ट लावली, म्हणजे कोअर कुठे तापतो ते बघितलं. थोड्या वेळात थर्मल कॅमेऱ्यात कोअरच्या दातांवर (दोन खाचांमधल्या भागावर) एका बाजूला पांढरा डाग, हात लावला तर चटका. टॉर्च तिथेच लावली होती. ती मोटार आम्ही भरली नाही, भरण्यात अर्थच नव्हता, फोटोसकट रिपोर्ट देऊन परत पाठवली.

आता फायनल इयरची मुलं आमच्याकडे शिकायला येतात. त्यांना पहिल्या दिवसापासून डेटा लिहायला लावतो, टर्न (वेढे), गेज (तारेची जाडी), पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर), कनेक्शन, पॅरलल पाथ (करंटच्या समांतर वाटा), आणि तोही वाइंडिंग कापायच्या आधी. स्वतःचं काही टाकायचं असेल तर पहिल्या जॉबपासूनचा कागद जपा, मार्केटिंगचं नंतर बघता येतं. आमचे तेव्हाचे सगळे रिपोर्ट फाईलला आहेत, त्या चटका बसलेल्या कोअरचासुद्धा. धंद्यातल्या कुणाला बघायचे असतील तर या, दाखवतो.