हिरव्या पाण्याचा आरोपी सापडला (बहुतेक)

पाण्याचा नितळपणा मोजायची सेकीची चकती निळ्या टबात पार तळाला टेकली, आणि तरीही दिसत राहिली. मोठ्या टबात, म्हणजे मी गच्चीवर मासे आणि पाणवनस्पती ठेवतो त्यात, तीच चकती वीतभर खाली गेली की गडप. पाणी तेच, गच्ची तीच, ऊन तेच. एवढ्यासाठीच आज लिहायला बसलोय, बाकीचं शेवटी दोन ओळींत उरकतो.

चकती म्हणजे श्रीखंडाच्या डब्याचं झाकण. त्यातले समोरासमोरचे दोन चतकोर मार्करने काळे केलेत आणि मधून स्टीलची पट्टी घातलीय. अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरूने 1865 मध्ये पोपच्या बोटीवरून पांढरी चकती समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती, त्याचीच ही गच्चीवरची आवृत्ती. ‘जरा बरं वाटतंय पाणी’ असं महिनोन्‌महिने म्हणण्यापेक्षा सेंटिमीटरमध्ये आकडा हातात आला की भांडायलाही बरं पडतं.

मोठा टब होळीनंतर शेवाळाने हिरवा झाला. तेव्हापासून सल्ल्यांचा पाऊस पडतोय. शेजारच्या काकू म्हणाल्या तुरटी फिरव, त्यांच्या सासूबाई म्हणाल्या निवळीची बी उगाळ. गढूळ पाण्याला दोन्ही उत्तम, पण मला पाणी स्वच्छ करायचं नाहीये, टब चालता ठेवायचाय. तुरटीने शेवाळ खाली बसेल, पण क्षारता घटेल, पीएच पडेल आणि जे काय हिरवं होतं ते तळाशी कुजायला तयार. दुकानदाराने यूव्ही क्लॅरिफायर, म्हणजे अतिनील दिव्याने शेवाळ मारणारं यंत्र, पुढे केला. तो काम करतो, नाही असं नाही. पण दिवा बंद केला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि ‘बॅक्टेरियाची बाटली’ या प्रकाराबद्दल माझं मत जुनंच आहे: सायकल झालेल्या, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया रुळलेल्या टबातला मूठभर गाळ त्याहून सरस, आणि फुकट.

पाणी बदलून तर उलटच झालं. नळाच्या ताज्या पाण्यावर शेवाळ आणखी जोमाने वाढलं.

त्यातच पहाटे पँचॅक्स (टबातले माझे छोटे मासे) पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकताना दिसायला लागले. हे हिरव्या पाण्याचं ठरलेलं दुखणं. दिवसभर शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढतं, म्हणून पीएच चढतो. माझ्याकडे संध्याकाळी तो 9 ला टेकत होता. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं आणि उजाडेपर्यंत पाण्यातला प्राणवायू पिऊन टाकतं. मुळात 30 अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो, त्यातला रात्रीत किती उरणार? पीएचची दुसरी भानगड मासे बाहेर टाकतात त्या अमोनियाची. 30 अंशांना पीएच 7.5 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम 2.5 टक्के विषारी रूपात असतो. पीएच 9 झाला की तोच वाटा 45 टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे अमोनिया मोजायच्या किटवर सकाळी निरुपद्रवी दिसणारा आकडा संध्याकाळी माशांच्या जिवावर उठू शकतो. अमोनिया तपासायचा तर संध्याकाळी तपासा. आणि थेंबांचं किट घ्या. पट्ट्यांचे रंग वाचणं म्हणजे हस्तरेषा वाचणं.

माझा पहिला संशय फॉस्फरसवर होता. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर आणि मंडळींनी ‘226’ नंबरच्या तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला. आमच्या गच्चीवर पांडाल बांधल्यापासून कबुतरांना बसायला आयता दांडा मिळालाय आणि तो नेमका मोठ्या टबावर येतो. कबुतराच्या विष्ठेत फॉस्फरस भरपूर. गुन्हा, गुन्हेगार, हेतू, सगळं जुळत होतं. दांड्यावर खिळ्यांची पट्टी लावली, कबुतरं गेली, पाणी हिरवंच.

मग निळा टब मांडला. मोठ्या टबातलंच हिरवं पाणी, तळाशी तीच माती, हायड्रिला ही पाणवनस्पतीही त्यातलीच उपटून. फक्त मासे नाहीत. कबुतरांचं खत दोघांच्या वाटणीला सारखंच आलेलं. सुरुवातीला दोन्ही टब सारखेच हिरवे होते. मग एके सकाळी निळ्या टबात टॉर्च मारला तर पाण्यात पांढरे ठिपके झटके देत फिरताहेत. मोइना! शेवाळ खाणारे इवलेसे कवचधारी जीव. मी सोडल्या नव्हत्या. पाणी आटलं किंवा गर्दी झाली की त्या टणक कवचातली अंडी घालतात, ती सुक्या मातीतही टिकतात. माती एका जुन्या वाळलेल्या टबातली होती, तिथूनच आल्या असणार. उन्हात या फार सोयीच्या. त्यांच्या नात्यातल्या मोठ्या डॅफ्निया आपल्या एप्रिलमध्ये मान टाकतात, मोइना तगतात, आणि नराशिवायच पिल्लं देत सुटतात. पाहता पाहता टब त्यांनी भरला, आणि हिरवं पाणी आधी चहाच्या रंगाचं आणि मग नितळ झालं.

म्हणजे मोठ्या टबात शेवाळाला अन्न जास्त होतं असं नाही, खाणारं कोणी उरलं नव्हतं. पँचॅक्सची एक जोडी सोडली होती, तिची फौज झाली. मोइना दिसली की गट्टम. मासे वाढले, मोइना संपल्या, शेवाळाला रान मोकळं. अमेरिकेत मिशिगन-विस्कॉन्सिनच्या सीमेवरच्या तळ्यांमध्ये स्टीफन कार्पेंटर आणि जेम्स किचेल यांच्या गटाने 1985 मध्ये हेच उघड केलं: ट्यूसडे लेकमधले बहुतेक छोटे मासे काढून मोठे शिकारी बास मासे सोडले, तर मोठ्या आकाराचे प्राणिप्लवक (मोइनांसारखे तरंगते प्राणी) वाढले आणि शेवाळ घटलं. वरच्या पायरीवर हात लावला की तळापर्यंत जाणवतं. शिंडलर चुकला असा याचा अर्थ नाही. फॉस्फरस ठरवतो शेवाळ किती होऊ शकेल, खाणारे ठरवतात प्रत्यक्षात किती उरेल.

रेमंड लिंडमन याने मिनेसोटातल्या सीडर बॉग लेकवर काम करून 1942 च्या निबंधात पायरीपायरीने ऊर्जा कशी गळत जाते ते मांडलं. तो निबंध छापून यायच्या आधीच, वयाच्या 26 व्या वर्षी तो गेला. ढोबळमानाने एका पायरीवरून वर दहावा हिस्साच पोचतो. शेवाळ, मोइना, मासा. तिसऱ्या पायरीवर एका टबात किती मासे पोसले जातील? बाहेरून खाद्य टाकत राहिलो म्हणून फौज टिकली, नाहीतर टबाने ती कधीच छाटली असती.

आता खरी गोची. निळ्या टबात मासे नाहीत, म्हणजे डासांच्या अळ्या आल्याच. सोसायटीत डेंग्यूचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. गप्पी सोडणं हा सरकारी उपाय, पण गप्पी मोइनाही फस्त करतात आणि ओढ्यात सुटले की तिथल्या माशांना त्रास. मोठ्या टबात जाळीचा कोपरा करून मोइनांना आडोसा द्यायचा, असं ठरवून मी जाळीही आणली होती. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की उलट करून पाहावं: निळ्या टबात पँचॅक्सचा एकच नर सोडायचा. एकटा आहे म्हणजे पिल्लावळ नाही. तो वर राहणारा मासा, अळ्याही वर श्वास घ्यायला येतात, आणि मोइनांना लपायला खाली हायड्रिलाचं रान आहे. जाळी तूर्तास गुंडाळून ठेवतो.

दुसरी कल्पना मेसोसायक्लॉप्सची. व्हिएतनाममध्ये हे इवलेसे कवचधारी पाण्याच्या टाक्यांत सोडून डेंग्यू पसरवणारे एडिस डास आटोक्यात आणले गेले. ते नुकत्या फुटलेल्या अळ्या खातात. घरातल्या मोठ्यांना सायक्लॉप्स म्हटलं की नारू आठवेल. बरोबर, नारूचा जंतू यांच्याच पोटातून माणसात जायचा. पण भारत 2000 मध्ये नारूमुक्त जाहीर झाला, आणि टबातलं पाणी कोणी पीत नाही.

बाकी: कुमुदिनीला पहिलं फूल आलं. टाचण्या अंडी घालून गेल्या. चतुराची एक भली थोरली अळी मोठ्या टबात सापडली, ती तिथेच ठेवलीय. फौज कमी करायला मदतच होईल.

मोठ्या टबातले जास्तीचे पँचॅक्स पुण्यात कोणाला हवे असतील तर घेऊन जा, झाकण असलेला टब हवा, उड्या मारतात. बदल्यात मेसोसायक्लॉप्स असतील तर उत्तमच. फक्त दुकानातलं ‘जिवंत खाद्य’ आणू नका. मागच्या पिशवीतून हायड्रा (मोइनांसारखे जीव खाणारा चिमुकला पाणजीव) आला होता आणि तो अजून काचेला चिकटून बसलाय.