‘उद्या फाईल येते’ : पिकअपच्या टॉर्क मॅनेजमेंटपायी गेलेले माझे १९ दिवस

‘भाऊ, उद्या फाईल येते.’ हे वाक्य मी यंदाच्या मे महिन्यात माझ्या ट्यूनरकडून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्याकडून, १९ दिवस ऐकलं. फाईल म्हणजे तेच बदललेलं सॉफ्टवेअर. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी चाळीसगावचा. ठिबकच्या नळ्यांची बंडलं घेऊन आठवड्यातून दोन-तीनदा कन्नडचा घाट चढतो. गाडी डबल कॅबिन डिझेल पिकअप, सहा गिअरची ऑटोमॅटिक, कागदावर ३६० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर. तक्रार एवढीच, की वळणातून बाहेर पडून पाय दाबला की गिअर बदलताना गाडी क्षणभर दम धरायची. लोक म्हणाले, ते टॉर्क मॅनेजमेंट, कंपनीने बांधलेलं दावं, सोडवून घे. पुण्याला जाऊन इंजिनचा रीमॅप करून आणला, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरमधले आकडे बदलून जोर वाढवून घेतला. एका दिवसात काम झालं, डायनोच्या, म्हणजे जोर मोजायच्या यंत्राच्या, कागदावर ४२० आले. येताना मी शीळ घालत आलो.

तिसऱ्या दिवशी भरलेली गाडी घाटाला लागली. दुसऱ्यातून तिसरा पडायच्या वेळी इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा खाली यायचा तो ३,००० वरून ३,४०० वर गेला, आणि मग पाठीत बुक्की बसावी तसा गिअर बसला. शेजारी बसलेला आमचा हमाल म्हणाला, ‘शेट, तुन्ही गाडी उचक्या दी ऱ्हायनी का?’

ट्यूनरला फोन केला. ‘ऑईल जुनं असेल, बदलून बघा.’ बदललं. गिअरबॉक्सचं ऑईल किती महाग पडतं ते ज्याने भरलंय त्यालाच ठाऊक. उचकी तशीच. मग ‘गिअरबॉक्सची फाईल करावी लागेल, दोन दिवस द्या’. मग त्याच्याकडचं टूल आमच्या गिअरबॉक्सचा कंट्रोलर, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, वाचत नव्हतं. मग तो वाचणारा माणूस लग्नाला गेला. मग ‘उद्या’. इकडे ४४ अंशांचं ऊन, बियाण्याआधी ठिबक पोचवायची घाई, आणि मी भाड्याच्या छोट्या गाडीतून दोन-दोन फेऱ्या मारतोय.

या रिकाम्या दिवसांत मी स्वतः शिकलो, आणि तेच उपयोगी पडलं. गिअरबॉक्सला इंजिनचा जोर हात लावून कळत नाही. इंजिनचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याला आकडा पाठवतो, ‘आत्ता इतका टॉर्क देतोय’, आणि त्या हिशोबाने गिअरबॉक्सचा कंट्रोलर आतल्या क्लचवर ऑईलचं प्रेशर लावतो. गिअर बदलायच्या वेळी तो उलट निरोप धाडतो, ‘जरा कमी कर’. पेट्रोल इंजिन अशा वेळी ठिणगी मागे घेतं, डिझेल इंजिन इंधन कमी करतं. हाच तो दम. माझ्या ट्यूनरने इंधन वाढवलं, पण इंधनावरून टॉर्क काढायचा तक्ता जुनाच ठेवला. इंजिन ४२० ढकलत होतं आणि निरोप ३६० चाच जात होता. प्रेशर ३६० चं, म्हणून क्लच घसरत होता. ऑईलचा बिचाऱ्याचा काय दोष!

हे त्याला पटवायला पुरावा लागला. गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला ओबीडीचा स्कॅनर लावून मोबाईलवर लॉग, म्हणजे आकड्यांची नोंद, काढला : इंजिनचे आरपीएम (मिनिटाला फेरे), गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (इंजिनचा जोर आत घेणाऱ्या दांड्याचे) आरपीएम, पाठवलेला टॉर्क, ऑईलचं तापमान. माझ्या दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर साधारण २.१, तिसऱ्याचं १.५. म्हणजे ३,००० वर गिअर बदलला तर शाफ्ट २,१५० च्या आसपास यायला हवा. माझा आधी वर चढत होता. घाटमाथ्यावर ऑईल ११८ अंश. हा आलेख पाठवला त्या रात्री फाईल आली. एकोणीस दिवस ‘उद्या’, आणि पुरावा पाहिल्यावर चार तास!

त्या फाईलमध्ये मात्र त्याने टॉर्क कमी करणंच काढून टाकलं होतं, ‘तुम्हाला दम नको होता ना?’ पहिल्याच बदलाला बंडलं हौद्यात पुढे-मागे सरकली. मी गाडी तिथेच वळवली. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की दम काढायचा नसतो, आखडायचा असतो. टॉर्क जितका खाली जातो तितका जाऊ द्यावा, परत वर येतो तो लवकर आणावा. आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरची टॉर्कची मर्यादा कंपनीचीच राहू द्यावी, कारण तिथे जोर आधीच गुणून जातो. कंपन्या हे उगाच करत नाहीत. टोयोटाच्या हायलक्स पिकअपचं २.८ लिटर इंजिन बघा, मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५००. इंजिन तेच, आकडा गिअरबॉक्स बघून.

तिसऱ्या फाईलमध्ये एकेक करून आधी टॉर्कचा तक्ता खरा केला, मग वरची मर्यादा ४०० वर आणली आणि शेवटी परतीचा वेळ थोडाथोडा कमी केला. एकाच वेळी दोन गोष्टी बदलू देऊ नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. नवी फाईल टाकली की गिअरबॉक्सने जुनं शिकलेलं पुसून टाकायला सांगा आणि शंभरेक किलोमीटर सावकाश, रिकामी चालवा. मी धुळ्याला जाऊन आलो.

हो, आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं : कंपनीची मूळ फाईल पहिल्याच दिवशी ट्यूनरकडून मागून पेनड्राईव्हवर ठेवा. मी तिसऱ्या आठवड्यात मागितली, तेव्हा ‘शोधतो’ म्हणाला. फाईल टाकताना गाडीच्या बॅटरीला चार्जर लावा, आणि आपल्याकडची वीज धरून चालू नका. व्होल्टेज मध्येच पडलं तर कंट्रोलर मरू शकतो. आमच्या मेस्तरीने शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडून ठेवली होती. वॉरंटी गेली असंच समजा. ईजीआर-डीपीएफ (धुरातलं प्रदूषण कमी करणारे भाग) काढून देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नका, पीयूसी आहे, गाडीतल्या बदलांबद्दलचं वाहन कायद्याचं कलम ५२ आहे.

आता भरलेल्या गाडीचं ऑईल घाटमाथ्यावर १०४ पर्यंत जातं. सकाळी थंड गाडीत पहिल्यातून दुसरा पडताना बारीक झटका बसतो. तो मी तसाच ठेवलाय, चौथ्या फाईलची वाट बघायची ताकद नाही.

पारोळ्याचा मित्र माझी फाईल मागतोय, त्याचीही गाडी अशीच आहे. पण दोन्ही गाड्यांच्या कंट्रोलरचा सॉफ्टवेअर नंबर वेगळा निघाला. दिली नाही. रुसलाय सध्या.