आषाढीचा घाणा लाल पडला त्याची गोष्ट
पुसेगावच्या बाजूला बटाट्याचं काय कौतुक नाही, खरिपात आमच्या खटाव तालुक्यात रानोरान बटाटाच असतो, पण काढणीला भाव बसला की मजुरीपण निघत नाही. म्हणून मी आणि जाऊबाईंनी वेफर्स चालू केले. बटाटा 20 रुपये किलो अन् वेफर्स 400, हिशोब लय भारी वाटलेला!

पण 1 किलो वेफर्सला बटाटा जातो साधारण 4 किलो, कारण त्यात 80 टक्के पाणीच, ते कढईत उडून जातं, वरनं तयार मालात तिसरा हिस्सा तेल. सासूबाई म्हणतात, तुम्ही बटाटा नाही, तेल विकताय. त्यात गॅस, पाकीट, दुकानदाराचं कमिशन.

खरा फटका आषाढीला बसला. घरचा माल संपलेला, मग कोल्ड स्टोरेजचा आणला, दिसायला एक नंबर, आणि कढईत टाकला की लाल, चवीला कडवट. मी तेलाला शिव्या घालत बसले. नंतर कळलं, 2-4 डिग्रीत ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते आणि ती तळताना करपते. वेफर्सचा माल 10-12 डिग्रीत ठेवायचा असतो. आणि जात बघायची, कुफरी चिप्सोना वेफर्ससाठीच काढलीय, साखर कमी, पाणी कमी, म्हणजे तेलपण कमी पितो. आता मी आधी चार बटाटे घरी आणून तळते, पांढरे राहिले तरच गोणी उचलते.

मोठ्या कंपनीच्या 10 रुपयाच्या पाकिटाशी आपण भांडू शकत नाही हो. आम्ही शेंगदाणा तेल आणि सैंधव मीठ धरलं, उपवासवाली बाई पाकीट उलटं करून तेल कुठलं ते वाचते, आणि पटलं तर 50 रुपये जास्तपण देते. पातळ पिशवीत माल आठ दिवसात मऊ पडायचा, आता जाड पाकीट आणि आत नायट्रोजन, त्यामुळं खवट वास येत नाही. मशीनला पीएमएफएमई योजनेतनं, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतनं कर्ज काढलं, त्यात खर्चाच्या 35 टक्के सबसिडी होती, जास्तीत जास्त 10 लाख, पण कागदं गोळा करताना चपला झिजल्या.

सालं म्हशीला जातात. काप धुतलेल्या पाण्याच्या तळाशी पांढरं सत्त्व बसतं, ते सासूबाई वाळवून त्याची खळ करतात, सुती साड्यांना. मी म्हटलं हेपण पाकिटात भरून विकूया, तर डबाच उचलून आत नेला.